पहिल्या भेटीत उपाय का मिळत नाही?
समुपदेशकांनी पहिल्या भेटीत नुसते प्रश्नच विचारले, उपाय सांगितला नाही, ही आपली तक्रार समजण्यासारखी आहे. परंतु साधारण पाऊण तासाच्या त्या भेटीत झोप, भूक, घरची माणसे, पूर्वीचे आजार आणि स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, हे जाणून घेतल्याखेरीज पुढची दिशा ठरत नाही. (शेवटच्या प्रश्नाने दचकू नये, तो नेहमीचाच आहे.) औषधे लिहून देणे हे मनोविकारतज्ज्ञांचे (मानसिक आजारांच्या डॉक्टरांचे) काम, समुपदेशकांचे नव्हे. गुप्ततेविषयी मात्र जरूर विचारावे : मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार गुप्तता हा रुग्णाचा हक्क आहे, जरी जिवाला धोका असल्यास त्यास अपवाद असले तरी. तीन-चार भेटींनंतरही सूर जुळला नाही, तर तसे त्यांनाच स्पष्ट सांगावे.