प्रतिसाद: औषध चालू होतं, तरी पेशंट का गेला?

वर एकांनी लिहिलंय की एचआयव्ही असलेल्या त्यांच्या मेव्हण्याला बुरशीचा मेंदूज्वर झाला, अ‍ॅम्फोटेरिसिन (बुरशी मारणारं औषध) चालू होतं, तरी ते गेले. म्हणजे औषधच कुचकामी. मला हे पटत नाही. औषध हा एक भाग झाला. पेशंट शुद्धीवर असताना आला की बरळायला लागल्यावर, यावर निम्मा निकाल ठरतो. आपल्या सोलापुरात तर डोकं दुखलं की 'ऊन लागलं' म्हणायचं, नाहीतर यंत्रमागाच्या खडखडाटावर ढकलायचं, यात दोन-तीन आठवडे सहज जातात.

दुसरं, डोक्यातला दाब. हा मेंदूज्वर करणाऱ्या क्रिप्टोकॉकस बुरशीमुळे मेंदूभोवतालचं पाणी तुंबतं. दाब पाण्याच्या २५ सेंटिमीटर उंचीच्या वर असेल तर पाठीतून पाणी काढावं लागतं, लागलं तर रोज. पण वॉर्डात दुसऱ्यांदा सुई म्हटलं की नातेवाईक सही करत नाहीत, "पाय लुळे पडतील हो!" खरं तर पाणी काढल्यावर कण्हणारा माणूस तासाभरात चहा मागतो.

एआरटीची, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधांची, घाईही नडते. या मेंदूज्वरात ती ४ ते ६ आठवडे थांबवूनच सुरू करतात. २०१४ च्या आफ्रिकेतल्या चाचणीत लवकर सुरू केलेल्यांमध्ये मृत्यू जास्त निघाले.

आणि फ्लुसायटोसिन, म्हणजे बुरशीवरचं दुसरं औषध, मिळालं का, हे विचारा. २०२२ पासून डब्ल्यूएचओ लायपोसोमल (चरबीच्या सूक्ष्म थेंबांत घातलेल्या) अ‍ॅम्फोटेरिसिनचा एकच मोठा डोस सुचवते, पण सोबत १४ दिवस फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनाझोल (हेही बुरशीवरचंच) धरून. घरी गेल्यावर फ्लुकोनाझोल मधेच सोडलं, तर दुखणं उलटतं.