कर्नूलची लेसर चाचणी : क्षेपणास्त्रांना पर्याय मिळेल का?

मुळाकाठ (प्रश्न)

नमस्कार. १३ एप्रिल २०२५ रोजी डीआरडीओने कर्नूलच्या चाचणी क्षेत्रात ३० किलोवॉटचे लेसर शस्त्र वापरून मानवरहित विमान आणि ड्रोनचा थवा निकामी केला. ब्रिटनच्या ‘ड्रॅगनफायर’ या लेसर शस्त्राच्या एका माऱ्याचा खर्च तर अवघा १० पौंड सांगितला जातो. हे खरे असेल, तर स्वस्त ड्रोनवर महागडी क्षेपणास्त्रे का खर्च करावीत? लेसर सर्वत्र बसवण्यात अडचण पैशाची आहे की विज्ञानाची?

तरंगलांबी

अडचण मुख्यतः हवेची आणि वेळेची आहे. ३० किलोवॉटचा झोत पाच सेकंद चालवला आणि यंत्राची कार्यक्षमता ३० टक्के धरली, तर एका युनिटच्या जेमतेम सातव्या हिश्श्याइतकी वीज लागते. मारा स्वस्त आहे, यात वाद नाही. मात्र त्या १० पौंडांत आरसे, जनरेटर आणि शीतन यंत्रणेची किंमत धरलेली नाही. शिवाय ही सारी ऊर्जा एकाच ठिकाणी पडायला हवी. एक मायक्रॉन तरंगलांबी आणि ३० सेंटिमीटरचा आरसा घेतल्यास तीन किलोमीटरवर झोताचा ठिपका सिद्धांताने सुमारे अडीच सेंटिमीटरचा होतो. प्रत्यक्षात धूळ, बाष्प आणि झोतानेच तापलेली हवा त्याला फाकवतात. ड्रोनने गिरकी घेतली, की तापलेली जागा निसटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पत्राकाम_चाकण

मी पत्रा कापणाऱ्या फायबर लेसर (काचतंतूत झोत तयार करणाऱ्या) मशिनवर काम करतो. आमचा ६ किलोवॉटचा झोत १० मिलिमीटरचे पोलाद सहज कापतो, पण तेथे नोझल पत्र्यापासून साधारण एक मिलिमीटरवर असते, पत्रा जागचा हलत नाही आणि वितळलेला धातू वायूच्या दाबाने उडवला जातो. एवढे करूनही संरक्षक काचेवर धुळीचा एक कण राहिला, तर तो तापून डाग धरतो, काच बदलावी लागते आणि काम खोळंबते. चिलर, म्हणजे मशिन थंड ठेवणारी यंत्रणा, बंद पडला, तर मशिनही थांबते. हीच निगा ट्रकवर किंवा खाऱ्या हवेतल्या युद्धनौकेवर राखणाऱ्या अभियंत्यांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

जुना_वाचक

अमेरिकेचा अनुभव येथे आठवावा. बोइंग ७४७ विमानात बसवलेल्या रासायनिक लेसरने ११ फेब्रुवारी २०१० रोजी बॅलिस्टिक क्षेपणास्त्र पाडले, तरीही अब्जावधी डॉलर खर्चून झालेला तो प्रकल्प २०११ अखेर गुंडाळावा लागला, कारण मारा साधण्यासाठी ते अवजड विमान शत्रूच्या सीमेलगत, किंबहुना आतच, घिरट्या घालत ठेवावे लागले असते. त्यानंतर विजेवर चालणाऱ्या, घन माध्यमाच्या आणि फायबर लेसरांकडे, जवळच्या आणि लहान लक्ष्यांकडे मोर्चा वळला, आणि मला तो मार्ग योग्य वाटतो. २३ ऑगस्ट २०२५ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर आपल्याकडेही लेसरची चाचणी दोन प्रकारच्या क्षेपणास्त्रांसोबत, एकाच हवाई संरक्षण व्यवस्थेचा भाग म्हणून झाली.

मुळाकाठ

आभारी आहे. म्हणजे कोकण किनाऱ्यावर ऐन पावसाळ्यात लेसरवर विसंबता येणार नाही?

तरंगलांबी

एकट्या लेसरवर नाही. मुसळधार पावसात आणि दाट धुक्यात पल्ला फार घटतो, म्हणून तेथे तोफा आणि क्षेपणास्त्रे सज्ज ठेवावीच लागतील. आकाश निरभ्र असेल, तेव्हा मात्र थव्यातले शक्य तितके ड्रोन लेसरने टिपावेत आणि क्षेपणास्त्रे मोठ्या लक्ष्यांसाठी राखावीत.