पेशंट पडला की फॉर्म भरायचा की मेमो खायचा?

रातपाळी:
१९ वर्षं वॉर्डात सिस्टर आहे. गेल्या महिन्यात एक आजोबा पहाटे बाथरूमला जाताना पडले. साधं खरचटलंही नाही. नव्या मुलीने नियमाप्रमाणे इन्सिडेंट फॉर्म भरला आणि तिसऱ्या दिवशी तिच्या हातात मेमो: लेखी खुलासा द्या. तेव्हापासून आमच्या वॉर्डात कुणी पडलेलंच नाही. कागदावर. आजोबांना संध्याकाळी सहाला लॅसिक्स (लघवी जास्त व्हायचं औषध), रात्री झोपेची गोळी, हाताला सलाइन. लघवीची घाई, डोकं जड, एका हातात स्टँड. हे कुठल्या रकान्यात लिहायचं? माझं मत: फॉर्मवर सिस्टरचं नाव नको, त्यावरून कारवाई तर नकोच.

फाईलवाला:
नाही पटत. मी हॉस्पिटलच्या क्वालिटी विभागात आहे. नावच नसेल तर विचारायचं कुणाला? पेशंट पडण्याचा धोका मोजायचं मोर्स स्केल बघा: आधी पडल्याचा इतिहास असेल तर २५ गुण, सलाइन किंवा हेपलॉक (शिरेत ठेवलेली बंद सुई) असेल तर २०, स्वतःच्या ताकदीचा अंदाज नसेल तर १५. बऱ्याच ठिकाणी ४५ झाले की धोका जास्त धरतात. पण फायलीत ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे गुण तंतोतंत सारखे! कालचं बघून उतरवलेले. ही चूक व्यवस्थेची का हो?

रातपाळी:
नाही, आमचीच. पण रात्री ३८ पेशंट आणि आम्ही दोघी. समजा, गुण ६० आले. हाताला धोक्याचा पिवळा पट्टा बांधला. त्यांना बाथरूमपर्यंत धरून कोण नेणार? मामा (वॉर्डबॉय) एकच, तोही दोन वॉर्डांना मिळून. बेडरेल (खाटेचा कठडा) वर केलं तर भ्रमातला पेशंट ते ओलांडून आणखी उंचावरून पडतो.

आईची_लेक:
तुमच्या भांडणात आम्ही कुठे आहोत? माझी आई रात्री पडली, मला कळलं सकाळी दहाला, कपाळावरचं टेंगूळ बघून. "काही नाही हो, जरा खाली बसल्या." ती रक्त पातळ करायची गोळी घेते! सीटी स्कॅन दुपारी झाला. ठीक निघाला, ते नशीब. फॉर्मवर नाव घाला नाहीतर गाळा, आधी डॉक्टरला बोलवा आणि आम्हाला फोन करा.

वरणभात:
सोबतीचं पण बोला. पास एक, माणूस खाली सतरंजीवर. माझे वडील मला उठवायला नको म्हणून स्वतःच उठले आणि माझ्याच पायात अडकून पडले. याचा मेमो कुणाला?

फाईलवाला:
फोनचं शंभर टक्के मान्य. पण खिशाला चटका बसल्याशिवाय मॅनेजमेंट हलत नाही. अमेरिकेत मेडिकेअरने (म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) ऑक्टोबर २००८ पासून रुग्णालयात पडून झालेल्या गंभीर दुखापतींचे जादा पैसे देणं बंद केलं. आपल्याकडे तसं काही आलं तर फॉर्म आपोआप भरले जातील.

रातपाळी:
भरले जातील की लपवले जातील? शिवाय पेशंटला खाटेवरून उठूच द्यायचं नाही, अशी सवय लागते, ही तक्रार तिकडेही झाली. म्हातारं माणूस आठ दिवस झोपून राहिलं की पायातलं बळ जातं आणि ते घरी जाऊन पडतं. ते तुमच्या फायलीत येत नाही.

आणि आमच्या त्या मुलीने खुलासा दिला. 'फरशी ओली होती' एवढंच लिहिलं. फरशी कोरडी होती. आजोबांना उचलायला मीच तर होते.