शब्दचर्चा : ऊब, धग आणि उबट (प्रत्येक मतावर लिहिणाऱ्याचं गाव)

पणजी (अनुवाद)
घरसजावटीवरच्या एका मजकुराचं मराठी करायचं आहे. विषय : हिवाळ्यात दिवाणखाना 'कोझी' (इंग्रजी cosy) कसा करावा. वाचक गोव्यातले. पणजीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा 20 अंशांच्या आसपास असतो, दुपारी 30च्या वर. आतल्या सत्तरी-सांगे तालुक्यांकडे रात्री गारठा जास्त. 'उबदार' लिहिलं की स्वेटर आठवतो, 'आरामदायी' लिहिलं की खुर्ची. नेमका शब्द कोणता?

फोंडा (मराठी अध्यापन)
'ऊब'च. पण तिच्यासोबत कोणती क्रियापदं येतात ते आधी पाहा. ऊब मिळते, देतात, घेतात, धरून ठेवतात. उकाडा होतो, तो सोसावा लागतो. उष्णता मोजतात. धग लागते आणि ती आगीची असते. ऊब मात्र बहुतेक वेळा अंगाचीच असते, फक्त अडवून ठेवलेली. कोंबडी अंडी 'उबवते' ती याच अर्थाने : बाहेरून काही तापवत नाही, स्वतःच्या अंगाची ऊब अंड्यांना देते आणि ती बाहेर जाऊ देत नाही. गोधडीचंही तसंच आहे. जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये हवा अडकते, ती हलत नाही, म्हणून अंगातली उष्णता टिकते.
कोकणीतला 'हून' (गरम) इथे चालणार नाही. तो पाण्याला, पेजेला. 'उबारा' सुंदर शब्द आहे, पण आता बोलण्यात कमी ऐकू येतो. ललित मजकुरात जरूर वापरा.
आणखी एक : हिंदीतली 'ऊब' म्हणजे कंटाळा. हिंदी जाहिरातींवरून मराठी करणाऱ्यांनी सांभाळावं.

म्हापसा (पडदे, गाद्यांचं काम)
वरचा अर्थ कामालाही तंतोतंत लागू पडतो. गोव्यात खोली तापवायची नसते, दिवसभराची ऊब धरायची असते. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जाड भिंती दिवसा तापतात आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता सोडतात. जाते ती खिडकीतून आणि कौलांतून.
पडदा जमिनीपासून अर्ध्या इंचावर संपावा. खिडकीच्या उंबऱ्याशी संपणारा पडदा ऊब धरत नाही, कारण काचेपाशी गार झालेली हवा खालून खोलीत उतरते. दांडी चौकटीच्या दोन्ही बाजूंना 5-6 इंच पुढे न्यावी. कापड दांडीच्या दुप्पट : सहा फुटांच्या दांडीला 48 इंच पन्ह्याची तीन कापडं. कमी घेतलं तर चुण्या पडत नाहीत, पडदा चादरीसारखा ताणलेला दिसतो. सुती अस्तर लावाच.
घर कौलारू असेल आणि वर माळा नसेल, तर नुसत्या पडद्यांनी भागणार नाही. गरम हवा वर चढते आणि कौलांच्या फटींतून निघून जाते. तिथे बसायच्या जागेपुरती ऊब करावी : पायाखाली जाड सतरंजी, बाकावर कापसाची गादी, पाठीला लोड. गादी वापरण्याआधी दोन दिवस कडक उन्हात टाकून काठीने झोडावी. दमट कापूस दबून बसतो, त्यात हवा राहत नाही, म्हणून ती गार लागते.

डिचोली
याच कुळातला एक शब्द विसरू नका : 'उबट'. धान्य उबलं की उबट वास येतो. ऊब धरली आणि तिच्यासोबत ओलही धरली, की उबट. गोव्यात या दोन शब्दांमधलं अंतर फार थोडं आहे, आणि सजावटीच्या परदेशी सल्ल्यात त्याचा विचारच नसतो. 'कोंदट' त्याहून वेगळा : तिथे ओल असेलच असं नाही, हवा हलत नाही एवढंच.
रबरी पाठीचा गालिचा तळमजल्याच्या जमिनीवर टाकला तर खालून येणारी ओल तिथेच अडकते. आधी तपासा : दीड फूट चौरस प्लॅस्टिक जमिनीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करायच्या. एका दिवसाने खाली थेंब दिसले किंवा जमीन काळवंडली, तर तिथे सुती सतरंजीच टाकावी आणि आठवड्यातून एकदा उचलून वाळवावी. तागाची नको, ओल लागली की तिला डाग पडतात, वास धरतो. सोफा भिंतीपासून 3-4 इंच सुटा ठेवा, नाहीतर मागे बुरशी धरते.

मडगाव (विजेचं काम)
दिव्यांबद्दल. खोक्यावर 'वॉर्म व्हाइट' असतं, त्याचं 'उबदार पांढरा' करू नका. दुकानात सगळे 'पिवळा' मागतात. 'पिवळसर उजेड' लिहा. आकड्यात गोंधळ होतो, तोही स्पष्ट करावा : पिवळसर 2700 केल्विन (उजेडाच्या रंगछटेचं माप), निळसर पांढरा 6500. आकडा मोठा तितका उजेड थंड दिसतो. छताला एक 18 वॉटचा पांढरा दिवा लावण्याऐवजी 4-5 वॉटचे तीन पिवळसर दिवे, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीखाली, कापडी शेड घालून. उजेड कमी-जास्त करणारं बटण लावायचं तर दिव्यावर 'डिमेबल' लिहिलेलं पाहून घ्या. साधा एलईडी त्यावर फडफडतो किंवा लवकर जातो.

पेडणे
मूळ मजकुरात घरातली आग असेल तर शब्द जपून. 'शेकोटी' अंगणातली, 'शेगडी' घरातली. पण दारं-खिडक्या लावून निखाऱ्यांची शेगडी खोलीत ठेवा, असं चुकूनही छापू नये. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास. धूर नाही म्हणजे धोका नाही, हा समज जीवघेणा आहे. तो परिच्छेद गाळा.

पणजी (अनुवाद)
गाळला. शीर्षक असं करतो : 'थंडीत ऊब धरणारी बैठकीची खोली'. 'दिवाणखाना' सोडला. त्याऐवजी गोव्यातल्या घरांतले 'साल' किंवा 'वसरी' हे शब्द घालावेत का?

फोंडा (मराठी अध्यापन)
'ऊब धरणारी' चोख आहे. 'साल' पोर्तुगीज 'साला'वरून आलेला, ख्रिस्ती घरांतला; 'वसरी' हिंदू घरांतली. एक घेतला की अर्धे वाचक बाजूला पडतात. 'बैठकीची खोली' ठेवा. लेखनाचं एवढं पाहा : 'ऊब' दीर्घ, पण 'उबेत', 'उबेला' ऱ्हस्व, जसं धूळ, धुळीत. 'उबदार'ही ऱ्हस्वच रूढ आहे. तुमच्या अनुवादात दोन ठिकाणी 'ऊबेत' झालं आहे.