सोयरीक जुळवताना नेमकं काय बघायचं? राजा गेला की सगळं राज्य फुटतंय (क्रुसेडर किंग्ज ३ आणि तत्सम गेम)

कोरी पाटी:
नमस्कार मंडळी. क्रुसेडर किंग्ज ३ (मध्ययुगीन राजघराणं पिढ्यान्‌पिढ्या चालवायचा गेम) खेळायला लागून दोनेक महिने झाले. लढाया बऱ्यापैकी जमतात, पण लग्नं आणि सरदार सांभाळणं यात सपशेल आपटतोय. सल्ला हवा आहे.

सध्याचा डाव असा. १०६६ ची सुरुवात, आयर्लंडमधला मन्स्टरचा मुर्खाद. चाळीसेक वर्षांत लेन्स्टर आणि कॉनॉट घेतलं, आयर्लंडचं राज्यपद निर्माण केलं. पहिल्या बायकोपासून एक मुलगा, दोन मुली. ती वारल्यावर दुसरं लग्न केलं, तिच्यापासून आणखी दोन मुलगे. थोरली मुलगी फ्रान्समधल्या एका ड्यूकच्या मुलाला दिली, कारण त्यांच्याकडे सैन्य भरपूर होतं. धाकटी स्कॉटलंडच्या राजाच्या धाकट्या मुलाला. म्हटलं, दोन्ही बाजू भक्कम झाल्या.

मग एके दिवशी खिडकी उघडली: राजा निवर्तला. थोरल्याला राजमुकुट आणि मन्स्टर मिळालं, लेन्स्टर मधल्याला, कॉनॉट धाकट्याला. राजाच्या हाताखाली सात काउंट्या (परगणे) होत्या, नव्या राजाकडे तीन उरल्या. फ्रान्सला दिलेली मुलगी बाळंतपणात गेली होती, तिच्याबरोबर ती युतीही संपली. स्कॉटलंडमध्ये जावयाचा बाप वारला आणि गादीवर सावत्र भाऊ आला, त्याचा आमच्याशी संबंध पातळ. दोन वर्षांच्या आत दोघा भावांनी आणि आणखी तीन सरदारांनी गट केला, मधल्याला गादीवर बसवा म्हणून. लढाई हरलो.

ज्या मुर्खादपुढे हे सगळे माना खाली घालून उभे असायचे, त्याच्या मुलाला कुणी विचारेना. माझं नेमकं कुठे चुकलं? लग्न ठरवताना तुम्ही सर्वात आधी काय बघता? आणि राजाचा वचक त्याच्या पश्चात टिकवायची काही सोय आहे का? हाच विषय नीट हाताळणारे दुसरे गेम असतील तर तेही सुचवा.

गढीवरचा:
दोन गोष्टी सांगा. वारसा कायदा कोणता होता? आणि दुसरी बायको केली तेव्हा तिचं वय काय होतं?

कोरी पाटी:
कायदा सुरुवातीचाच, कॉन्फेडरेट पार्टिशन, म्हणजे मुलांमध्ये वाटणी. दुसरी बायको बावीस वर्षांची. हुशार होती, कारभारात चांगली, म्हणून घेतली.

सोंगटी:
मग तुमचं राज्य त्या दुसऱ्या लग्नाच्या दिवशीच फुटलं. लढाई पुढे झाली इतकंच.

पार्टिशन असताना प्रत्येक मुलगा हा वाटेकरी असतो. तुमच्याकडे एक मुलगा होता, तो धडधाकट असेल तर तिथेच थांबायला हवं होतं. विधुर राजाला बायको हवीच असते, कारण तिच्या गुणांचा काही भाग राजाच्या गुणांत धरला जातो, आणि एखाद्या बाबतीत राजा अगदीच कच्चा असेल तर तिला त्याच एका कामाला लावता येतं. पण अशा वेळी पंचेचाळिशी ओलांडलेली बघा. गेममध्ये त्या वयानंतर बायकांना मूल होत नाही. कारभारात तरबेज अशी वयस्क विधवा आणली असती तर फायदा तोच मिळाला असता आणि वाटेकरी वाढले नसते. मी तर राजाचे मुलगे मोजूनच नव्या राणीचं वय ठरवते.

आता मुलींकडे येऊ. इथे बहुतेक जण तुमच्यासारखंच करतात: नकाशावर सर्वात मोठं सैन्य कुणाचं ते बघायचं आणि तिकडे मुलगी द्यायची. राजा तरुण असेल, शेजाऱ्याशी लढाई तोंडावर असेल तर हे ठीक आहे. लहान मुलांचा वाङ्निश्चय केला तरी युती लागू होते, त्यामुळे सुरुवातीच्या अडचणीच्या काळात मीही पाळण्यातली मुलगी देऊन मोकळी झाले आहे. पण राज्य स्थिरावलं की हिशोब बदलतो. फ्रान्सचा ड्यूक तुमच्या घरातल्या भांडणात किती वेळा उपयोगी पडणार? उलट तो त्याच्या प्रत्येक लढाईला तुम्हाला बोलावणार. नाही म्हटलं की प्रतिष्ठा जाते आणि युती तुटते.

मुली आपल्या सर्वात बलाढ्य सरदारांच्या घरात द्या. सरदार व्याही झाला की तो युतीत येतो, आणि युतीत असलेला सरदार तुमच्या विरोधातल्या गटात सामील होऊच शकत नाही. हा नियम मला फार उशिरा कळला. त्याआधी मी भेटी दे, मनधरणी कर, परिषदेत जागा दे, असं करत बसायची. ते सगळं लागतंच, विशेषतः बलाढ्य सरदाराला परिषदेत जागा नसेल तर तो जाम चिडतो. पण त्याची मर्जी आज आहे, उद्या नाही. सोयरीक दोघांपैकी एकजण जाईपर्यंत तरी टिकते.

आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे युवराजाची बायको. तिचा बाप कोण आणि त्याचं वय काय, हे मी सर्वात आधी बघते. तुमचा राजा पन्नाशीला आला की स्वतःसाठी सोयरिकी जोडणं थांबवा. पुढच्या राजाला गादीवर बसल्या दिवशी कोण पाठीशी असायला हवं, त्या हिशोबाने जोडा. व्याही साठीचा असेल तर तो तुमच्याबरोबरच जाणार. तिशी-पस्तिशीतला शोधा, किंवा मुलीचा भाऊ वारस असेल असं घर शोधा, म्हणजे सासऱ्यानंतर मेहुणा तरी उरतो.

माझ्या मागच्या डावात राजा एकोणसाठ वर्षांचा, आजारी. मी कामं थांबवून मुलाच्या लग्नाची यादी उघडली. वयानुसार लावली. वर एक रूपवान, बुद्धिमान मुलगी दिसत होती, दोन्ही जन्मजात गुण, पुढच्या पिढीत उतरण्याची शक्यता चांगली. हात शिवशिवत होता. पण तिचा बाप एका काउंटीचा धनी. तिला सोडून मी माझ्याच राज्यातल्या सर्वात मोठ्या ड्यूकची सामान्य गुणांची मुलगी सून म्हणून आणली. चौदा महिन्यांनी राजा गेला, गट झाला, आणि तो ड्यूक त्यात नव्हता. त्याच्यावाचून बाकीच्यांची ताकद भरलीच नाही, त्यांची निर्वाणीची मागणी आलीच नाही.

जन्मजात गुणांसाठी सुना निवडू नका असं नाही म्हणत. तिसऱ्या-चौथ्या मुलासाठी खुशाल निवडा, घराण्यात ते रक्त आलं की पुढे कधीतरी मुख्य शाखेत आणता येतं.

गढीवरचा:
सोंगटी यांच्याशी सहमत, एक भर घालतो. आयर्लंडमध्ये आहात तर टॅनिस्ट्री आहे, म्हणजे सरदारांच्या मतांनी वारस निवडायची पद्धत. त्या पदवीला निवडणूक लागू केली की पार्टिशनच्या वाटणीतून ती बाहेर पडते आणि घराण्यातल्या कुणालाही निवडता येतं. प्रतिष्ठा बरीच खर्च होते, पण मुर्खादने चाळीस वर्षं राज्य केलं म्हणजे ती होती तुमच्याकडे. मत देणारे तुमचेच सरदार, त्यामुळे ते तुमच्यावर खूश असताना, राजाचा शब्द चालतो तेव्हाच हे करून टाकायचं. म्हातारपणी करायला गेलात तर ते आपापल्या सोयीचा माणूस निवडतात.

जास्तीच्या मुलांना मठात पाठवता येतं, वारसा काढून घेता येतो. दुसऱ्या मार्गाला घराण्याचं नाव खर्ची पडतं, म्हणून मी तो शेवटचा ठेवतो.

बखरवाचक:
सोयरिकीबरोबर सैन्यापलीकडे काय येतं-जातं याची इतिहासातली उदाहरणं गेम खेळताना डोळ्यासमोर ठेवावीत अशी आहेत.

ॲक्विटेनची एलिनॉर. तिच्याबरोबर जवळजवळ सगळा नैऋत्य फ्रान्स येत होता. फ्रान्सचा राजा सातवा लुई याच्याशी लग्न झालं, दोन मुली झाल्या, मुलगा नाही. मार्च ११५२ मध्ये जवळचं रक्ताचं नातं आहे या कारणावरून लग्न रद्द ठरवलं गेलं. आठ आठवड्यांत तिने फ्रान्समधल्याच आंजूच्या हेन्रीशी लग्न केलं, जो नात्याने तिला निदान तितकाच जवळचा होता. ११५४ ला हेन्री इंग्लंडचा राजा झाला आणि ॲक्विटेन फ्रान्सच्या राजाच्या हातून निसटून त्याच्या सर्वात मोठ्या प्रतिस्पर्ध्याकडे गेलं. गेममध्ये घटस्फोटाचं बटण दाबण्यापूर्वी बायकोच्या नावावर काय आहे ते मी म्हणूनच दोनदा बघतो.

दुसरं टोक म्हणजे अकराव्या शतकातला कीव्हचा राज्यकर्ता यारोस्लाव. एक मुलगी फ्रान्सच्या पहिल्या हेन्रीला, एक नॉर्वेच्या हाराल्ड हार्द्रादाला, एक हंगेरीच्या पहिल्या आंद्रासला. सैन्य मागवण्यासाठी फ्रान्स-नॉर्वेसारख्या सोयरिकी फार कामाच्या नव्हत्या, अंतरंच तशी. पण आपलं घराणं युरोपातल्या कोणत्याही राजघराण्याच्या बरोबरीचं आहे हे त्याने दाखवून दिलं. गेममध्ये लांबच्या मोठ्या घरात मुलगी दिल्यावर जी प्रतिष्ठा मिळते, ती मला या अर्थाने पटते.

गेममधलं मातृवंशीय लग्न, म्हणजे मुलं आईच्या घराण्यात मोजली जाणारं, हे मात्र त्या काळच्या युरोपात असं सरसकट मिळणारं नव्हतं. खेळायला सोय आहे. मुलगीच वारस असेल तर घरजावई शोधावाच लागतो, आणि कुठल्याही घरचा युवराज त्याला तयार होत नाही. तिसरा मुलगा बघा, ज्याच्याकडे जमीन नाही पण कशावर तरी हक्क आहे.

तटबंदी:
दुसऱ्या गेमबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

राजाचा वचक हाच विषय असेल तर थ्रोन्स ऑफ ब्रिटानिया (२०१८) बघा. सुरुवात इ.स. ८७८, इंग्लंडमधलं आल्फ्रेड राजाचं वेसेक्स वगैरे. त्यात प्रत्येक पात्राला प्रभाव आणि निष्ठा असते. सेनापतीला लढाया जिंकू दिल्या की त्याचा प्रभाव वाढतो, आणि तो राजाच्या वर जायला लागला की त्याची निष्ठा घसरते. मग त्याला जहागीर देऊन शांत करायचं. मी पहिल्या डावात सगळ्या लढाया एकाच हुकमी सेनापतीकडून करून घेतल्या, राजा राजधानीत बसून. सातव्या-आठव्या वर्षी तोच उलटला. तेव्हापासून राजाला स्वतः मैदानात उतरवतो, निदान ज्या लढाया सोप्या आहेत त्यांत तरी. त्या काळचा इतिहासही बघण्यासारखा: आल्फ्रेडची मुलगी एथेलफ्लेड शेजारच्या मर्सियाच्या एथेलरेडला दिलेली, आणि ९११ मध्ये तो वारल्यावर ९१८ पर्यंत तिनेच मर्सिया चालवलं.

मेडीव्हल २: टोटल वॉर (२००६) जुना आहे पण राजकन्या तिथे नकाशावर चालत जाते. तिचा मोहकपणा वाढवत नेऊन परक्या घरात तह जुळवायचा, किंवा आपल्याच डळमळीत सेनापतीशी लग्न लावून त्याला घरचा करायचा. राजाचा अधिकार कमी असेल तर सेनापती फितूर होतात. साधं आहे, पण एका वेळी एकच गोष्ट शिकायला बरं.

युरोपा युनिव्हर्सालिस ४ मध्ये लग्न म्हणजे दोन राज्यांमधला करार. माणसं दिसत नाहीत. राजनैतिक संबंधांची मर्यादित जागा त्यात खर्च होते आणि लग्न मोडलं की राज्याचं स्थैर्य घटतं. तुम्हाला माणसांत रस दिसतोय, त्यामुळे तो नंतर.

रातराणी:
सोयरिकी, निवडणूक सगळं ठीक, पण दराऱ्याबद्दल कुणीच लिहिलं नाही! दोन बंडखोरांना देहदंड द्या, बाकीचे गप्प. माझा राजा तीस वर्षं त्यावर निर्धास्त होता.

सोंगटी:
राजा असेपर्यंत. दरारा त्या माणसाचा असतो, तो गेला की मुलगा शून्यापासून सुरू करतो. शिवाय ज्यांना देहदंड दिला त्यांची घराणी ते विसरत नाहीत. तीस वर्षांनी गादीवर कोण आलं आणि त्याचं काय झालं, तेही सांगा ना.

रातराणी:
नातू आला. सहा वर्षांचा. तुमचं बरोबर आहे, तो डाव तिथेच संपला.

पण मग मध्यम मार्ग सांगते. नव्या राजासाठी दरारा उपयोगी पडतो, कारण सुरुवातीची वर्षं सरदार तसेही खट्टू असतात आणि मर्जी कमवायला वेळ लागतो. टूर्स अँड टूर्नामेंट्स हा २०२३ चा विस्तार घेतला असेल तर गादीवर आल्या आल्या धाक बसवणारा दौरा काढा. दौरा कशासाठी ते निवडता येतं: मर्जी, कर किंवा धाक. त्याच विस्तारात थाटाच्या लग्नाचं वचन देऊन अडून बसलेला व्याहीही तयार करता येतो. फक्त वचन दिलं तर समारंभ वेळेत करा, मोडलंत तर फार महागात पडतं.

कोरी पाटी:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मुर्खादच्या दुसऱ्या लग्नाआधीचा जुना सेव्ह उघडला.

दुसरी बायको सत्तेचाळीस वर्षांची विधवा आणली. थोरली मुलगी लेन्स्टरमधल्या माझ्या सर्वात बलाढ्य सरदाराच्या मुलाला दिली, धाकटी अजून नऊ वर्षांची आहे. युवराजासाठी कॉनॉटमधल्या एका सरदाराची बहीण बघितली. तो स्वतः एकतीस वर्षांचा. गुण सामान्य आहेत. वारशाच्या पानावर आता सगळ्या पदव्या आणि सातही काउंट्या एकाच नावापुढे दिसतात.

एकच शंका राहिली. आता मुलगा एकुलता एक आहे. तो आजारपणात किंवा लढाईत गेला तर थोरली मुलगी वारस ठरेल, आणि तिचं लग्न मी साध्या पद्धतीने लावलंय, मुलं लेन्स्टरच्या घराण्यात जातील. धाकटीसाठी आत्ताच घरजावई ठरवून ठेवू का, की टॅनिस्ट्री लावून मुर्खादच्या पुतण्यांपैकी कुणाला पुढे आणू? सोंगटी, गढीवरचा, तुम्ही काय केलं असतं?

गढीवरचा:
टॅनिस्ट्री लावा, सरदार खूश आहेत तोवरच. आणि युवराजाला सेनापतींच्या यादीतून आजच काढा. नातू होईपर्यंत तरी.