खड्डाच उरला नाही, तरी 'विवर' म्हणायचं का?

शिलालेख
मध्य प्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यातल्या ढालावरचा एक लेख मराठीत आणतेय. तिथे अंतराळातून एक पिंड येऊन आदळला, तो आघात १७० ते २५० कोटी वर्षांपूर्वीच्या दरम्यान कधीतरी झालेला. मी सगळीकडे 'ढाला विवर' लिहिलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी प्रत्येक 'विवर' खोडून 'संरचना' केलंय आणि समासात विचारलंय, "विवर आहे कुठे?" खरंच नाही. काठ झिजला, खड्डा गाळाने भरला, आणि त्या गाळाचे खडकच आज मधोमध सपाट माथ्याचा डोंगर होऊन उभे आहेत. पण 'संरचना' पुलाचीही असते आणि रेणूचीही. त्यातून काहीच कळत नाही. दुसरं असं, की आघाताने खडकात शंकूच्या आकाराच्या भेगा पडतात, टोकापासून रेघा फुटत गेलेल्या. त्यांना काय म्हणावं?

पाथरवट
'विवर' बिनधास्त ठेवा. नाव जन्माची गोष्ट सांगतं. वड पडून पिढ्या लोटल्या तरी चौक वडाचाच राहतो.

गारगोटी
इथे ते महागात पडतं. ऑस्ट्रेलियातलं गॉसेस ब्लफ बघा, आघात सुमारे १४ कोटी वर्षांपूर्वीचा. तिथे साधारण ५ किलोमीटर व्यासाचं डोंगरांचं कडं आहे. 'विवर' वाचून आलेला माणूस त्याला काठच समजणार, आणि तो काठ नाहीच! मूळ विवर सुमारे २२ किलोमीटर रुंद होतं, त्याचा काठ कधीच साफ झाला. मोठ्या आघातात खड्ड्याचा तळ मध्यभागी उसळून वर येतो, खोलवरचे आडवे थर उभे होतात. त्यातले टणक थर तेवढे टिकले, ते हे कडं. म्हणजे विवराचा सगळ्यात आतला भाग आपण बाहेरचा काठ म्हणून बघतो. शब्दाने हा घोटाळा वाढवू नये.

निरुक्ती
यासाठी शब्द आहे की. अमेरिकन भूवैज्ञानिक रॉबर्ट डिट्झ यांनी १९६० मध्ये 'अ‍ॅस्ट्रोब्लेम' घडवला, ग्रीकवरून. पहिला भाग तारा, दुसरा फेकलेल्या अस्त्राने झालेली जखम. मराठीत सरळ 'उल्काव्रण' होतो.

ओसरी
'व्रण' नको, 'वण' हवा. संस्कृतात व्रण म्हणजे जखम. मराठीत वण म्हणजे जखम भरल्यावर राहते ती खूण. माझी आजी 'देवीचे वण' म्हणायची, तिच्या तोंडी व्रण कधी आला नाही. ढालाची जखम भरून आलेली आहे, खूण उरलीय. 'उल्कावण' इतका नेमका शब्द ग्रीकमध्येही नाही.

निरुक्ती
अर्थ पटला, घडण पटत नाही. उल्का तत्सम, वण तद्भव. शिवाय उल्का म्हणजे आकाशात पेटताना दिसते ती. जमिनीवर पोचते ती अशनी. ऋग्वेदात अशनि हे इंद्राचं अस्त्र आहे, म्हणजे 'फेकलेलं अस्त्र' हा ग्रीक अर्थही आपोआप साधतो. 'अशनिव्रण' करा. मला तर अशनि आणि अश्मन् एकाच घरचे वाटतात.

ओसरी
ते शब्द सारखे वाजतात एवढंच. त्यावरून घराणं ठरत नाही. आणि लोणार कशाने झालं विचारा, दहातले नऊ जण 'उल्कापाताने' म्हणतील. नऊ जणांना चूक ठरवून परिभाषा करायची?

गारगोटी
दोन्ही शब्दांत एक अडचण आहे. अशनी म्हणजे पडूनही शिल्लक राहिलेला तुकडा. कित्येक किलोमीटरचं विवर पाडणारा पिंड आघाताच्या उष्णतेने जवळपास सगळा वितळतो, वाफ होऊन जातो. ढालाला अशनी हाती लागलेला नाही. लागल्या त्या गारगोटीच्या कणांमधल्या अतिसूक्ष्म समांतर पट्ट्या. त्यांना साधारण १० गिगापास्कलच्या वरचा दाब लागतो, तो ज्वालामुखीत मिळत नाही. आधी ढालाला ज्वालामुखीच मानत होते. २००८ च्या सुमारास या पुराव्यावर आघात सिद्ध झाला. म्हणून नावात वस्तू नको, घटना हवी: 'आघात'.

शिलालेख
मग 'आघातवण'? आणि त्या शंकूंचं?

पाथरवट
वण कातडीवर असतो. दक्षिण आफ्रिकेतल्या व्रेडफोर्टला २०२ कोटी वर्षांत वरचा ७ ते १० किलोमीटर जाडीचा खडक गेलाय. तिथे कातडी राहिली कुठे? आपण थेट हाडं बघतो. त्याला 'घुमट' म्हणतात, उसळून आलेल्या मध्यभागावरून, आणि नाव चाललंय. जिथे जे उरलं त्याचं नाव द्यावं. सगळ्यांना एक शब्द हवाच कशाला?

गारगोटी
हवा, कारण व्रेडफोर्ट, गॉसेस ब्लफ, ढाला, राजस्थानातलं रामगढ यांना एकत्र बांधणारी गोष्ट त्यांचा आकार नाहीच. ती खडकात आहे.

निरुक्ती
'आघातवण' मध्येही तोच संकर. आघात तत्सम, वण तद्भव.

ओसरी
जलपरीत जल संस्कृत आणि परी फारसी. ती कुणाला खटकते?

निरुक्ती
जलपरी बोलण्यात रुळली, कुणी समितीत बसून घडवली नाही. आपण घडवायला बसलोय, तर घडण नीट हवी.

ओसरी
घडवून कपाटात ठेवलेले तत्सम शब्द ढिगाने आहेत. लेखात 'आघातवण' छापा आणि वाचक अडतो का बघा.