टँक: आपल्या टाक्यातून आला की पोर्तुगालहून?

दुर्गवेडा:
इंग्रजी 'टँक' मूळचा आपलाच, असं माझं ठाम मत आहे. सिंहगडावरचं देवटाकं पाहा, शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी पाहा. कातळात खोदलेली, भर उन्हाळ्यातही थंडगार पाण्याची. इंग्रज सतराव्या शतकात सुरत-मुंबईत स्थिरावले, इथलं टाकं, टांकं त्यांच्या कानावर पडलं आणि त्यांनी ते उचललं. म्हणून तर इकडच्या इंग्रजीत टँक म्हणजे अख्खा तलाव! मुंबईचा गोवालिया टँक म्हणजे काही लोखंडी पिंप नव्हतं, तिथं गुरं पाण्यावर यायची. हैदराबादचा टँक बंड म्हणजे हुसेनसागराचा बांध.

मांडवीकाठ:
मत ठाम आहे, पुरावा कच्चा. पोर्तुगीज भाषेत पाण्याच्या हौदाला 'तांक' म्हणतात. स्पॅनिशमध्ये तोच 'एस्तांके', आणि त्यामागे 'एस्तांकार', म्हणजे वाहतं अडवणं. स्पॅनिश लोक हा शब्द न्यायला सुरतेला आले नव्हते. पोर्तुगीज १४९८ साली कालिकतला पोचले, ईस्ट इंडिया कंपनी निघाली १६०० मध्ये. त्या शंभर वर्षांत पश्चिम किनाऱ्यावर युरोपीय व्यापाराची भाषा पोर्तुगीजच होती. शिवाय कान्हेरीचे शिलालेख वाचा. लेण्यांतल्या टाक्यांना तिथं 'पोढी' म्हटलंय, टाकं नव्हे.

दुर्गवेडा:
पोढी हा त्या काळचा प्राकृत शब्द. तेवढ्यावरून टाकं परदेशी कसं ठरतं? मारवाडात पावसाचं पाणी साठवायला जमिनीखाली 'टांका' बांधतात. तिथं पोर्तुगिजांचं राज्य कधी होतं?

मांडवीकाठ:
चावी हा पोर्तुगीज शब्द. तो चाबी होऊन पार उत्तरेत पोचला, तिथं तरी त्यांचं राज्य कुठं होतं?

पाथरवट:
दोघंही टाक्यावर अडलात आणि टाकी विसरलात. 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' म्हणतो, ती टाकी म्हणजे छिन्नी. संस्कृतात 'टंक' म्हणजेही छिन्नीच. टाकीनं खोदलं ते टाकं, ही व्युत्पत्ती मला सरळ वाटते. गडावरच्या टाक्यात उतरलात तर भिंतीवर तिरकस घावांच्या रेघा अजून हाताला लागतात. टंक म्हणजे चार मासे (मासा हे सोनं तोलायचं जुनं माप) वजन आणि नाणंही, त्यावरून टांकसाळ. हे सगळं पोर्तुगिजांच्या कितीतरी आधीचं. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात यूल आणि बर्नेल यांनी टँकची गणना दुहेरी मुळाच्या, पेचात टाकणाऱ्या शब्दांत केली आहे: एक मूळ भारतीय, दुसरं युरोपीय. मला तेच पटतं.

लष्करी_वाचक:
रणगाड्याचं काय? तिथं मात्र वादाला जागा नाही. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या लिंकनच्या कारखान्यात हे यंत्र तयार होत होतं. गुपित फुटू नये म्हणून पाण्याच्या टाक्या बनवतोय असं भासवलं. १५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत ते उतरलं तेही त्याच नावानं. चिलखताशी या शब्दाचा काडीचा संबंध नाही.

मांडवीकाठ:
रणगाड्याबद्दल मान्य. पण पाथरवट, 'दुहेरी मूळ' म्हटलं की प्रश्न सुटत नाही, लांबणीवर पडतो. टंकपासून टाकं झालं असेलही, पण इंग्रजांनी ते ऐकलं कुणाच्या तोंडून? जातीसाठीचा 'कास्ट' त्यांना पोर्तुगिजांकडूनच मिळाला. टँकही त्याच वाटेनं गेला, असं माझं म्हणणं. १४९८ च्या आधीचा मराठी किंवा गुजराती लेख दाखवा, ज्यात पाण्याच्या अर्थानं टांकं आलंय. तो मिळाला तर मी माझा दावा मागे घेईन.